साक्षीदाराचा रकाना

२ नोव्हेंबर

ताई,

हेही पत्र परत येणार, हे मला ठाऊक आहे. पाकिटावर तिरकी रेघ आणि तुझ्या टपोऱ्या अक्षरात एकच शब्द, 'नाकारले'. आमचा पोस्टमन आता पाकीट माझ्या हातात देत नाही. टेबलाच्या कडेला ठेवतो आणि गुन्हा त्यानेच केल्यासारखा मान खाली घालून जिना उतरतो. मीही पक्का कारकून, फेकून देववत नाही. माजी सैनिक संघाच्या कपाटात 'परत आलेली पत्रे' अशी फाइल उघडली आहे, तिच्यात तारखेप्रमाणे लावतो. एक्केचाळीस वर्षांत ती चांगली जाडजूड झाली आहे.

तुझा हट्ट मी अंगवळणी पाडून घेतलाय. पण या वेळी उघड.

संघाची सगळी जुनी पत्रं लावून, यादी करून द्यायची आहेत. पलटणीचं संग्रहालय ती नेणार आहे. पलटणीचा कारकून मीच होतो, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. पडलं नसतं तर मी मागून घेतलं असतं, कारण या कपाटांची किल्ली दुसऱ्या कुणाच्या हातात गेलेली मला चालत नाही. पहिल्या मजल्यावरची खोली आहे, खाली सायकल दुरुस्तीचं दुकान. दोन लोखंडी कपाटं आणि टाचण्यांचा गंज. हाताला लागलेला तांबडेपणा साबणाने जात नाही. काय काय लिहितात लोक! आमच्या एका आचाऱ्याने अकरा वर्षं एकच तक्रार केली आहे, की सुटकेच्या दाखल्यावर त्याची उंची दोन इंच कमी लिहिली गेली. ती मीच लिहिली होती. तो बुटकाच होता.

मूळ मुद्दा असा. चोवीस तारखेच्या वार्षिक मेळाव्याचं निमंत्रण तुला येईल. तेही मीच टाइप केलंय. साहेब म्हणाले, "सत्तावीस नंबरच्या बायकोला बोलवा. पहिल्या रांगेत, माझ्या शेजारची खुर्ची." साहेब म्हणजे तेव्हाचे आमचे कॅप्टन, आता संघाचे अध्यक्ष. सत्तावीस हा दाजींचा बिल्ला नंबर, तो तुला सांगायला नको. इतक्या वर्षांत साहेबांना तुझी आठवण झाली नव्हती. आत्ताच का, हे मी विचारलं नाही.

ताई, येऊ नकोस. गुडघे दुखतात म्हणून कळव.

— छोट्या

६ नोव्हेंबर

ताई,

आज एकाच पोस्टमनने एकाच वेळी दोन पाकिटं आणली. एक माझं, रेघ मारलेलं. दुसरं तुझं, संघाच्या नावाने. 'निमंत्रण मिळाले. येत आहे.' भावाचं पाकीट उघडायचं नाही आणि कचेरीचं त्याच दिवशी उघडून उलट टपाली उत्तर द्यायचं! असं ते तुझं आहे. बरं.

येणारच असशील तर तिथे काय होतं ते आधीच माहीत असू दे. जेवणाआधी हजेरी होते. साहेब कंपनीचे सगळे नंबर वाचतात. जिवंत माणूस स्वतः 'हजर' म्हणतो. गेलेल्याच्या वतीने तो म्हणतो, ज्याने त्याला जाताना पाहिलं. साक्षीदाराने ओ द्यायची, अशी आमची पद्धत आहे. नदीकाठच्या माघारीत नऊ जण गेले आणि नऊच्या नऊ ठिकाणी साक्षीदार मीच. म्हणून मी दरवर्षी दहा वेळा 'हजर' म्हणतो, एकदा माझ्यासाठी, नऊदा त्यांच्यासाठी. आचारी चेष्टा करतो, "शाई, घसा शेकून आलास का?" मला पलटणीत शाई म्हणायचे, बोटं कायम निळी असायची म्हणून.

दाजींच्या नंबराला मी ओ देईन तेव्हा तू दोन हातांच्या अंतरावर बसलेली असशील. मला ते जमेल असं वाटत नाही.

आणखी एक सांगतो. फायलींत आज डावऱ्याची पत्रं सापडली. डावऱ्या म्हणजे तेव्हा नदीकाठी पहाऱ्यावर असलेला शिपाई. डाव्या खांद्यावर बंदूक घ्यायचा म्हणून बोलणी खायचा, त्यावरून हे नाव. आता इस्पितळात पडून आहे. दर वर्षी त्याने संघाला एक पत्र लिहिलंय आणि प्रत्येकात एकच कागद नकलून जोडलाय. कागदावर नुसत्या रेघा, काही लांब, काही आखूड. खाली एक ओळ, 'कुणाला वाचता येत असेल तर कळवावे.'

दुपारी साहेब वर आले आणि सहज विचारल्यासारखं म्हणाले, "शाई, डावऱ्याचं काही आलंय का रे कधी?"

मी म्हटलं, "नाही साहेब."

यादी पूर्ण झाली की सांगू, असा विचार केला.

— छोट्या

११ नोव्हेंबर

ताई,

पत्र परत आलं. लावलं.

इथे काहीतरी शिजतंय. शनिवारी गेलो तर खोलीचं कुलूप नवं. साहेब आत, माझ्या खुर्चीत, काठी गुडघ्यांमध्ये धरून बसलेले. माझा खण उघडा होता. म्हणाले, "जुनं कुलूप अडकत होतं." ते कुलूप मी महिन्यातून एकदा तेल घालून जपतो, ते कधीच अडकत नव्हतं. त्यांनी मला नव्या कुलपाची किल्ली दिली. दुसरी त्यांच्या खिशात गेली.

तिथून मी इस्पितळात डावऱ्याला भेटायला गेलो. खाट रिकामी, गादी गुंडाळलेली. नर्स म्हणाली, "त्यांना काल नेलं की."

"कुणी?"

"नातेवाइकांनी. गाडी घेऊन आले होते. काठीवाले आजोबा होते सोबत."

डावऱ्याला नातेवाईक नाहीत. जिन्यावरून उतरताना दोनदा मागे वळून पाहिलं, कुणी नव्हतं.

म्हणून आता नदीकाठचं सांगून टाकतो. मला काही झालंच तर कुणाला तरी ठाऊक असावं.

आमच्याकडे एक फळी असायची, तिला खिळे. पुढे जाणारा माणूस आपला पितळी बिल्ला त्यावर टांगायचा आणि परत आला की काढून घ्यायचा. माघारीनंतर सकाळी फळीवर नऊ बिल्ले उरले. त्यात सत्तावीस. माझं काम त्या नऊ नंबरांपुढे 'बेपत्ता' किंवा 'ठार' लिहायचं. बेपत्ता लिहिलं की शोधायला तुकडी पाठवावीच लागे, तसा नियम होता. ठार लिहायचं तर शेवटच्या रकान्यात साक्षीदाराची सही हवी, 'मी प्रत्यक्ष पाहिले' याखाली.

साहेब माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. अठ्ठावीस वर्षांचं वय, चार दिवस डोळ्याला डोळा नाही. म्हणाले, "शाई, नऊ जणांसाठी आणखी सहा जण पाण्यात घालू? फळीवर पंधरा बिल्ले हवेत का तुला?" मी टाक शाईत बुडवला. ते म्हणाले, "ठार लिही. आणि तूच सही कर. सत्तावीस तर तुझा मेहुणा. तुझ्या सहीवर कोण शंका घेणार?"

मी नऊ सह्या केल्या. एकालाही पडताना पाहिलं नव्हतं.

तुझ्या दारात मी पत्र घेऊन आलो, तेव्हा पत्रात गोळी छातीत लागली होती. आईला मात्र मी आदल्या दिवशी डोक्यात लागली म्हणून सांगितलं होतं. तू एवढंच विचारलंस, "छोट्या, नक्की कुठे?" मी तोंड उघडलं आणि नुसताच उभा राहिलो. तू दार लावलंस ते लावलंसच.

आता कळलं ना कुणी करायला लावलं?

— छोट्या

१५ नोव्हेंबर

ताई,

आज साहेबांनी माझ्यासाठी चहा मागवला. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा. मी कप कडेला सरकवला. म्हणाले, "शाई, ती तुझ्या बहिणीच्या लग्नाची गोष्ट सांग ना. बत्तीची."

तुला आठवतं ना? दाजी समोरच्या घराच्या गच्चीवरून संध्याकाळी विजेरीने खुणा करायचे. तू खिडकीत कंदील घेऊन. पलटणीचे नेहमीचे इशारे सगळ्यांना यायचे, म्हणून तुम्ही दोघांनी आपली वेगळी बाराखडी केलीत, आणि मी चोरून शिकलो. मग तुमची गुपितं फोडीन म्हणून धमकावून मी किती पतंग उकळले तुमच्याकडून! कंपनीत ही गोष्ट मीच सांगितली होती. 'बत्तीवरचं लग्न' म्हणून सगळे दाजींना चिडवायचे, आणि ते लाजायचेसुद्धा.

मी गोष्ट सांगितली. साहेब हसले नाहीत. "म्हणजे ती बाराखडी तिघांनाच यायची," म्हणाले आणि कप खाली ठेवून निघून गेले.

राहिलेलं सांगतो. माघारीच्या दुसऱ्या दिवशी सांज होताना नदीपलीकडून एक दिवा लुकलुकायला लागला. सलग तीन संध्याकाळी. दाजी कंपनीचे दिवेवाले होते, त्यांच्याकडेच बत्ती होती. डावऱ्या पहाऱ्यावर, त्याने पाहिला. तिसऱ्या संध्याकाळी त्याने लांब-आखूड रेघा पहाऱ्याच्या वहीत उतरवून घेतल्या. साहेबांनी तो शत्रूचा डाव ठरवला आणि कुणी पाण्यात उतरायचं नाही असा हुकूम सोडला. चौथ्या संध्याकाळी दिवा लागला नाही.

मी तेव्हा मागे होतो, गाड्यांजवळ, कागदपत्रं भरत. मला हे सगळं नंतर ऐकून कळलं.

मेळाव्यात साहेब तुझ्यापुढे एखादा कागद ठेवतील, तर चष्मा विसरले म्हण. हात जोडतो.

— छोट्या

१८ नोव्हेंबर

ताई,

मागचंही परत. परत आलेलं पाकीट हातात घेतलं की आधी बरं वाटतं, मग तुझा राग येतो, मग माझा.

मागच्या पत्रात एक चूक आहे, ती दुरुस्त करतो. मी गाड्यांजवळ नव्हतो. नदीकाठीच होतो, डावऱ्याच्या शेजारी, तिन्ही संध्याकाळी. पण पात्र रुंद होतं, धुकं होतं, नीट दिसत नव्हतं. कुणीही सांगेल.

दुसरी दुरुस्ती. डावऱ्याची पत्रं मला या महिन्यात सापडलेली नाहीत. संघाचं टपाल पहिल्यापासून मीच फोडतो. ती येतील तशी मी वेगळी काढली आणि कपाटाच्या तळाशी, पत्र्याच्या खाली घातली. एकही अध्यक्षांपुढे गेलं नाही. यंदाचं आलंच नव्हतं, म्हणून म्हातारा खपला असावा अशी मी समजूत करून घेतली होती. आज उलगडा झाला. ते त्याने नर्सकडून थेट साहेबांच्या घरी पाठवलं.

डावऱ्याही साहेबांच्याच घरी आहे. साहेबांच्या सूनबाईंनी फोनवर सांगितलं, अगदी सहज. "काका मजेत आहेत, दिवसभर दोघांच्या गप्पा चालू असतात." आणि मी त्याला पळवून नेलं, गाडलं, काय काय समजून बसलो होतो!

आज सकाळी मी ती सगळी पत्रं पत्र्याखालून काढून मोरीत नेली. काडीपेटी होती. पहिली काडी ओलसर निघाली. दुसरी पेटली, ती बोटाला चटका बसेपर्यंत धरून उभा राहिलो. मग पत्रं परत आणली आणि तारखेप्रमाणे लावली. जाळायचं धाडसही माझ्यात नाही, असं तू म्हणशील. म्हण.

खालच्या दुकानात कुणीतरी सायकलच्या घंटा तपासत होतं. लांब, आखूड, आखूड. मी कान झाकले.

— छोट्या

जा. क्र. ३११
माजी सैनिक संघ, पत्रव्यवहार विभाग
दिनांक : २० नोव्हेंबर

विषय : साक्षीदाराचे नाव कळविणेबाबत

आदरणीय बाई,

आपण आजवर या कार्यालयाकडे बावीस अर्ज केले. प्रत्येकात एकच विचारणा होती, की सत्तावीस क्रमांकाच्या शिपायास ठार घोषित करताना साक्षीदार म्हणून कोणी सही केली. प्रत्येक वेळी आपणांस 'नोंद उपलब्ध नाही' असे उत्तर देण्यात आले. ते उत्तर चुकीचे होते. बावीसही उत्तरे याच टंकलेखकाने टाइप केली होती. नोंद उपलब्ध आहे. मूळ पान सोबत जोडले आहे. शेवटचा रकाना पाहावा.

ताई, अक्षर ओळखलंस ना. हे पाकीट तू उघडणार हे मला माहीत होतं, कारण यावर संघाचा शिक्का आहे. बावीस वेळा मी हा शिक्का मारून तुला फसवलं. आज त्याच शिक्क्याच्या आडून तुझ्यापर्यंत येतोय. माझं बंद पाकीट घेऊन तुझ्या दारात उभं राहायची माझी लायकी नाही. रेघ मारलेली सगळी पाकिटंही सोबत ठेवली आहेत. या महिन्यातली वाचलीस तर कळेल, मी शेवटपर्यंत कसा टाळत होतो ते. त्यात साहेबांवर ढकललंय, धुक्यावर ढकललंय. हे पान मात्र दुरुस्त करायची वेळ येणार नाही.

धुकं नव्हतं. दिवा स्वच्छ दिसत होता, आणि पहिल्याच संध्याकाळी मला वाचता आलं. दाजी तुमच्याच बाराखडीत बोलत होते. शत्रूला पलटणीचे इशारे कळतील, आणि पलीकडच्या काठावर ही बाराखडी वाचणारा एक माणूस आहे, हे त्यांना ठाऊक होतं. 'छोट्या, पाय मोडलाय. दोर आण.' पुन्हा पुन्हा तेच. दुसऱ्या संध्याकाळीही तेच, फक्त दिवा मंद झाला होता.

साहेबांनी तो शत्रूचा डाव ठरवला, असं मी लिहिलं. ते खोटं आहे. त्या दुसऱ्या संध्याकाळी साहेब माझ्याजवळ येऊन बसले. दंडाला धरून म्हणाले, "शाई, तुम्हा लोकांची ती बत्तीची भाषा तुला येते ना? हा सत्तावीस असेल तर आत्ता बोल. बाकी कुणाला नाही पाठवत, मी स्वतः जातो." त्यांनी बुटांच्या नाड्या सोडल्यासुद्धा होत्या, ताई.

मी म्हणालो, "काही अर्थ लागत नाही साहेब. शत्रूचा डाव असणार."

का, ते तुला सांगायलाच हवं. सत्तावीस जिवंत म्हटलं असतं, तर माझी सही खोटी ठरली असती, आणि एक खोटी ठरली की उरलेल्या आठही तपासल्या गेल्या असत्या. कागद आदल्या दिवशीच्या गाडीने वर गेला होता. खोट्या साक्षीला तेव्हा काय शिक्षा होती ते मला तोंडपाठ होतं. मी तेवीस वर्षांचा होतो आणि माझी पाचावर धारण बसली होती. मी सही वाचवली.

साहेबांना दोन वर्षं नाही, चार वर्षं नाही, इतकी वर्षं आपण दमून हुकूम दिला आणि नऊ माणसं गेली, एवढंच टोचत होतं. यंदा डावऱ्याचं पत्र त्यांच्या हाती पडलं. त्यात रेघांखाली या वेळी एक नवी ओळ होती. ती आज सकाळी साहेबांनीच मला वाचून दाखवली. 'दिवा लुकलुकत होता तेव्हा शाईचे ओठ हलत होते. त्याला विचारा.' वाचून झाल्यावर ते रागावले नाहीत. म्हणाले, "रविवारी तो कागद तुझ्या बहिणीपुढे ठेवणार आहे. तिला वाचता येईल. त्याआधी तू तिला सांगितलंस तर बरं." आणि जिना उतरताना एकेका पायरीवर थांबत गेले. मी इतके दिवस ज्या माणसाला घाबरलो, तो मला मुदत देत होता.

डावऱ्याचा कागद सोबत आहे. मेळाव्यात सगळ्यांसमोर वाचण्याऐवजी तुझ्या खिडकीत बसून वाच. त्या रेघा तिसऱ्या संध्याकाळच्या आहेत. चोरून शिकलेल्या मला येतात त्याहून तुला चांगल्या येतात. तरी मी लिहून ठेवतो, तुझ्या डोळ्यांवर ताण नको. तिसऱ्या संध्याकाळी पाय नव्हता, दोर नव्हता. तीनच शब्द होते.

'छोट्या, आहेस ना?'

रविवारी साहेब सत्तावीस नंबर पुकारतील. सगळे सवयीने माझ्याकडे बघतील. मी उभा राहीन आणि 'मी पाहिलं नाही' म्हणेन, नऊदा. तू शेजारच्या खुर्चीत असशील की नसशील, ते तू ठरव. नंतर तू विचारशील त्याचं उत्तर देईन आणि काही विचारलं नाहीस तरी दारापाशी थांबेन.

एक्केचाळीस वर्षं मी त्या हॉलमध्ये दाजींच्या वतीने मोठ्याने 'हजर' म्हणत आलोय. त्यांनी विचारलं होतं, त्या संध्याकाळी म्हणालो नाही.

आपला विश्वासू,
साक्षीदार

सोबत : १) ठार व बेपत्ता नोंदीचे मूळ पान
२) पहारेकऱ्याची पत्रे, सर्व
३) परत आलेली पाकिटे, बंद